लोकरीतून वळत आलेला खर्ज

चैत्रातल्या जत्रा जवळ आल्या की नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. गावोगावची पंचमंडळी येतात, सुपारी ठरते, आणि मग ढोलकी-हलगीचा नाद खेड्यापाड्यांतून घुमू लागतो. याच जुन्नर तालुक्यात खोडद येथे मात्र शांततेची निराळी उपासना चालते. तेथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या, म्हणजेच ‘जीएमआरटी’च्या, एकूण ३० अँटेना आहेत आणि प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ही दुर्बीण उभी राहिली. त्यासाठी हा परिसर निवडण्यामागे एक महत्त्वाचे कारण होते: मानवनिर्मित रेडिओ-गोंगाट येथे कमी होता. दूरचे क्षीण स्वर ऐकायचे असतील तर जवळचा गोंगाट आधी आवरावा लागतो.

घरातल्या संगीतश्रवणाचा छंद जोपासणाऱ्या एका पंथाने हेच तत्त्व लाकडी पेटीत उतरवले. त्या पेटीला ‘ट्रान्समिशन लाइन’ लाउडस्पीकर म्हणतात. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या अशा पेट्या शोधून, दुरुस्त करून, त्यांच्यावर जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकणारे रसिक आजही जगभर आहेत. जैन कुटुंबाने हा छंद समजून घ्यावा असे त्यात बरेच काही आहे. आणि एक-दोन ठिकाणी थांबून विचार करावा असेही आहे.

पाठीमागचा आवाज

स्पीकरचा पडदा पुढे सरकला की समोर ध्वनी निर्माण होतो, हे सर्वांना माहीत असते. त्याच क्षणी पडद्याच्या पाठीमागेही तेवढाच, पण उलट्या दिशेचा ध्वनी निर्माण होतो, हे सहसा लक्षात येत नाही. हे दोन्ही ध्वनी मोकळेपणी एकमेकांना भेटले तर खर्जाचे स्वर परस्परांना खाऊन टाकतात. म्हणून स्पीकरला पेटी लागते.

बंद पेटीत पाठीमागचा ध्वनी कोंडला जातो. तो आतल्या भिंतींवर आपटतो आणि पातळ पडद्यातून पुन्हा बाहेर डोकावतो. पेटीला भोक ठेवले तर खर्ज वाढतो. पण रचना नीट साधली नसेल तर रिकाम्या रांजणात बोलल्यासारखी पेटी स्वतःच एका सुरात गुणगुणू लागते. गाणाऱ्याच्या आवाजात पेटीचा आवाज मिसळतो.

ट्रान्समिशन लाइनमध्ये पाठीमागच्या ध्वनीला एक लांब वाट करून दिलेली असते. पेटीच्या आत फळ्या बसवून घडीघडीचा बोगदा तयार करतात आणि त्यात लांब धाग्यांची लोकर सैलसर भरतात. उंच व मध्यम स्वर त्या लोकरीत विरून जातात. फक्त सर्वांत खालचे स्वर वळणे घेत बोगद्याच्या तोंडाशी येतात, आणि वाटेत झालेल्या विलंबामुळे समोरच्या ध्वनीला विरोध न करता साथ देतात.

या वाटेची लांबी हिशेबाने ठरते. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४४ मीटर धावतो. ३५ हर्ट्झच्या स्वराची लहर जवळजवळ पावणेदहा मीटर लांब असते. तिच्या चतुर्थांशाइतका, म्हणजे सुमारे आठ फुटांचा बोगदा त्यासाठी लागतो. म्हणूनच या पेट्या लहान कपाटाएवढ्या होतात आणि उचलायला दोन माणसे लागतात.

त्याचे फळ तंबोऱ्यात ऐकू येते. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ७० हर्ट्झवर बोलते. त्या लहरीची लांबी पाच मीटरच्या जवळपास असते. लहान स्पीकरमधून त्या तारेचे केवळ वरचे उपस्वर ऐकू येतात, मूळ स्वर मनानेच भरून घ्यावा लागतो. चांगल्या लाइनमधून तो स्वर स्वतः उभा राहतो.

ब्रॅडफर्डचे प्राध्यापक आणि घरोघरचे सुतार

या कल्पनेचा आरंभ अमेरिकेत झाला. स्ट्रॉमबर्ग-कार्लसन या कंपनीतील बेंजामिन ऑल्नी यांनी १९३६ च्या सुमारास रेडिओच्या कपाटात नागमोडी बोगदा बसवला. पुढे इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्ड येथील ए. आर. बेली यांनी ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकाच्या ऑक्टोबर १९६५ च्या अंकात लोकरीने भरलेल्या पेटीची रचना मांडली, आणि १९७२ मध्ये तिची सुधारित आवृत्तीही दिली. घनफुटाला साधारण अर्धा पौंड लोकर, असे त्यांचे प्रमाण होते.

मासिकात आराखडा आल्यामुळे ही विद्या कारखान्यांपुरती राहिली नाही. करवत आणि सरस हाताशी असलेला कोणीही ती पेटी बनवू शकत होता. कारखान्यांपैकी ‘आयएमएफ’ हे नाव सर्वांत गाजले. व्यापारी वाचकांना या अक्षरांवरून नाणेनिधी आठवेल. पण ही अर्व्हिंग एम. फ्रीड या अमेरिकी ध्वनिव्यावसायिकाच्या नावाची आद्याक्षरे होत. इंग्लंडमध्ये जॉन राइट यांनी रचलेल्या या कंपनीच्या पेट्यांत ‘केईएफ’चा बी-१३९ हा लंबगोल, सपाट पडद्याचा खर्ज-स्पीकर असे. ही परंपरा संपलेली नाही. बीबीसीत काम केलेले पीटर थॉमस यांनी एका सहकाऱ्यासह १९९१ मध्ये स्थापन केलेली ‘पीएमसी’ आजही याच तत्त्वावर स्टुडिओसाठी पेट्या बनवते.

भारतात त्या काळी आयात शुल्क जबर होते. सोनोडाइन, कॉस्मिक यांसारखी देशी नावे घरांत दिसत. परदेशी पेटी एखाद्या परतलेल्या नातलगाबरोबरच येई. ज्यांना ते जमत नसे, त्यांना मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे स्पीकर आणि ओळखीच्या सुताराकडून पेटी, हा मार्ग मोकळा होता.

लोकर आणि अहिंसा

जैन घरात या पेटीविषयीचा पहिला प्रश्न लोकरीचाच निघेल. लोकर आपल्या परंपरेला परकी नाही. श्वेतांबर साधु-साध्वींचा ओघा लोकरीच्या दशांचा असतो, आणि सामायिकाला बसताना अनेक घरांत लोकरीचेच कटासणे घेतात. सूक्ष्म जीवांना इजा न होता जागा पुंजता यावी, यासाठी हा मृदू धागा निवडला गेला. लोकर मेंढी न मारता कातरली जाते हेही खरे. तरी ज्या मेंढ्यांची लोकर कातरतात, त्याच पुढे मांसासाठी विकल्या जातात, म्हणून नवी लोकर विकत घेणे ज्यांना रुचत नाही, त्यांचा आक्षेपही दुर्लक्षिण्यासारखा नाही.

या पेचातून वाट निघते. जुन्या पेटीत आधीच असलेली लोकर पुन्हा वापरली तर नवी हिंसा घडत नाही. नवी पेटी बांधायची असेल, किंवा जुनी लोकर निकामी झाली असेल, तर उशांत भरतात तो पॉलिएस्टरचा तंतू चालतो. अनेक कारागीर तोच वापरतात. मात्र दोन्हींचे ध्वनिशोषण तंतोतंत सारखे नसते, म्हणून थोडे थोडे भरून, ऐकून प्रमाण ठरवावे लागते.

खरी जोखीम कसरीची आहे. वर्षानुवर्षे बंद राहिलेल्या लोकरीत कसर लागते. पेटी उघडण्याआधीच औषध फवारणे ही अविचाराची घाई ठरेल. पेटी जयणेने उघडावी, लोकर पांढऱ्या कापडावर सावलीत पसरावी आणि मऊ पुंजणीने हळूहळू मोकळी करावी. जीव दिसले तर ती लोकर उन्हात न टाकता वर्दळ नसलेल्या आडोशाला ठेवावी आणि पेटीत पॉलिएस्टर भरावे. पॉलिएस्टरला कसर लागत नाही, त्यामुळे पुढची जीवोत्पत्तीही टळते.

जुनी पेटी घरात आणण्याआधी

जुन्नर, मंचर, घोडेगावच्या पेठांतले जुने वाडे आता पाडून नवे बांधले जात आहेत. माळ्यावरचे जुने सामान अशा वेळी वजनावर भंगारात जाते. त्यात एखादी जड, उंच स्पीकरची पेटी निघाली तर ती देऊन टाकण्याआधी काही गोष्टी पाहाव्यात.

पेटीच्या खालच्या अंगाला किंवा पाठीला रुंद तोंड असून आत तंतू दिसत असतील तर ती ट्रान्समिशन लाइन असण्याचा संभव आहे. पडद्याच्या कडेचा पट्टा रबरी असेल तर तो बहुधा टिकलेला असतो; फोमचा असेल तर बोट लावताच भुगा होतो, पण तो बदलून मिळतो. स्वरांची विभागणी करणाऱ्या जुन्या मंडलातील कपॅसिटर कालांतराने क्षीण होतात. जाणकाराकडून बदलून घ्यावेत. सह्याद्रीच्या कुशीतल्या पावसात भुशाच्या फळ्या फुगतात, म्हणून पेटीचे तळ आणि सांधे आधी तपासावेत. या पेट्यांना सशक्त अॅम्प्लिफायर लागतो, हा खर्चही हिशेबात धरावा.

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा इतरत्र अशी पेटी विकत घेताना नावावर भुलून दाम मोजू नये. ओळखीची ध्वनिमुद्रिका बरोबर नेऊन ऐकावी. पेटीतून माणसाचा आवाज माणसासारखा आला, तरच पुढची बोलणी करावी.

परिमाण

छंदाची खरी कसोटी घरात पेटी आल्यानंतर लागते. श्रावकाच्या व्रतांमध्ये भोगोपभोग-परिमाण सांगितले आहे. एकदाच भोगले जाते ते अन्नासारखे भोग्य. वारंवार वापरले जाते ते वस्त्र-वास्तूसारखे उपभोग्य. स्पीकर उपभोगात मोडतो आणि त्याला मर्यादा घालणे हे श्रावकाचेच काम. हा छंद एका जोडीवर थांबत नाही, याची साक्ष हौशी माणसांच्या भरलेल्या खोल्या देतात. एक पेटी दुरुस्त करून वीस वर्षे ऐकणे हा संयम. दहा पेट्या जमवून एकही मन लावून न ऐकणे हा परिग्रह.

शेजाऱ्यांचाही विचार आहेच. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी घालून दिली आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा हा काळ रात्र मानला आहे. खर्जाच्या लांब लहरी भिंतींना सहज जुमानत नाहीत. त्यामुळे ज्या पेटीचा खर्ज चांगला, तिच्या मालकाची जबाबदारी मोठी.

एका ध्वनिमुद्रिकेच्या दोन्ही बाजू ऐकायला साधारण पाऊण तास लागतो; सामायिकाच्या ४८ मिनिटांहून थोडा कमी. सामायिकाची सर श्रवणाला येणार नाही, हे उघडच आहे. पण दुकानाचे कुलूप लावून आलेला माणूस तेवढा वेळ फोन बाजूला ठेवून, घरच्यांबरोबर एका तंबोऱ्याच्या सुराशी बसला, तर दिवसभराचा गोंगाट थोडा आवरला जातो. दहाच्या आत सुई उचलावी, अॅम्प्लिफायर बंद करावा. आणि मग खोलीत जी शांतता उरते, तीही थोडा वेळ ऐकावी.