जिताड्याच्या बियाण्यातील खरबी कशी ओळखावी ?

पेण व अलिबाग तालुक्यांतील खाडीकाठच्या गावांत घराजवळच्या तळ्यात जिताडा पाळण्याची जुनी चाल आहे. त्यासाठी पावसाळ्यात खाडीतील व खाजणातील पिले पकडून तळ्यात सोडतात. या पिलांत खरबीची पिलेही मिसळलेली असतात. दोहोंचा रंग मळकट व शेपटी गोलसर असल्यामुळे नवख्या शेतकऱ्याची सहज फसगत होते. जिताडा दोनतीन वर्षांत काही किलोंचा होतो. खाडीतील खरबी बहुधा वीतभरच राहते. शंभर पिलांचे दाम मोजून त्यांत चाळीस खरबी निघाल्या, तर तळ्याचे उत्पन्न तितकेच घटते, आणि ही चूक फार उशिरा कळते.

खरबी ही गोबी नावाच्या मोठ्या मत्स्यगटात मोडते. उष्ण समुद्रांतील प्रवाळांच्या फटींत राहणारे नखाएवढे मासे याच गटातील होत. चिखलावर उड्या मारणारी निवटीही याच गटातील. तिचे डोळे डोक्यावर उठून दिसत असल्याने ती चटकन ओळखू येते. खरबीची ओळख मात्र पुढील खुणांवरून पटवावी.

(१) पोटाखालील पर : खरबीचे पोटाखालचे दोन पर एकमेकांस जुळून त्यांची वाटी बनलेली असते. तिच्या योगाने ती दगडास चिकटून राहते. जिताड्याचे हे पर सुटे असतात. ही खूण सर्वांत भरवशाची होय.

(२) पाठीवरील पर : खरबीचे दोन पर स्पष्टपणे वेगळे असून पुढील पराचे काटे लवचिक असतात. जिताड्याचे पर बुडाशी जवळजवळ जोडलेले असून पुढील काटे टणक असतात.

(३) डोक्यावरील पट्टा : जिताड्याच्या लहान पिलाच्या डोक्यावरून पाठीकडे पांढरट पट्टा जातो. खरबीस तो नसतो.

(४) वागणूक : खरबी भांड्याच्या तळाशी बसून राहते.

बियाणे घेताना थोडी पिले पांढऱ्या भांड्यात खाडीच्याच पाण्यात ठेवावीत. संशय आल्यास हात ओले करून पिलू अलगद उलटे करावे व वाटी आहे की नाही ते पाहावे. निवडलेली खरबी वाया घालवू नये. तिची पिले खाडीत परत सोडावीत, कारण मोठी खरबी खाण्यास रुचकर असते.

ग्रामसेवकांनी हंगामाच्या आरंभीच ही पारख शेतकऱ्यांना प्रत्यक्ष करून दाखवावी.