‘थांबा’ म्हणा आणि मंचावर या

ब्राझीलचे नाटककार ऑगुस्तो बोआल (१९३१–२००९) यांचं ‘फोरम थिएटर’ समाजकार्याच्या प्रशिक्षणातही वापरतात. प्रसंग साधा असतो आणि तो दोनदा सादर होतो. उदाहरणार्थ, मुलगा वडिलांना वृद्धाश्रमात ठेवायचं ठरवतो, कार्यकर्ती फॉर्म भरायला घेते, वडिलांना कुणी विचारतच नाही. पहिल्या खेपेला शेवट वाईटच. दुसऱ्या खेपेला प्रेक्षकांतलं कुणीही ‘थांबा’ म्हणून वडिलांची, प्रशिक्षणात कार्यकर्तीचीही, जागा घेतं आणि शेवट बदलू पाहतं. मुलाचं काम करणारा नट सहजी नमत नाही; खरा कस तिथेच लागतो. ‘जोकर’ नावाचा सूत्रधार फक्त विचारतो, प्रत्यक्षात हे जमेल का? (उपदेश करणारा जोकर खेळाचा विचका करतो.) पश्चिम बंगालमधली ‘जन संस्कृती’ हेच तंत्र घरगुती हिंसाचारासारख्या विषयांवर गावोगावी वापरते.