काही करत नाही हो तो!

आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये चार माणसं कशीबशी मावतात. गेल्या नोव्हेंबरात एका सकाळी मी गच्चीवरच्या झाडांना पाणी घालून खाली निघालो होतो, हातात रिकामी बादली. चौथ्या मजल्यावर दार उघडलं आणि एक लॅब्रेडॉर आत आला. त्याच्यामागून पट्टा, पट्ट्यामागून मालक, मालकांच्या दुसऱ्या हातात मोबाइल. मी कोपऱ्यात सरकलो. मोबाइलवरची नजर न काढता मालक म्हणाले, "काही करत नाही हो तो!" दुसऱ्या मजल्यापर्यंत त्याने खरंच काही केलं नाही. मग लिफ्टने नेहमीचा हिसका दिला, बादली त्याच्या पाठीवर आदळली आणि माझ्या पोटरीत दोन दात रुतले.

"असं कधीच केलं नव्हतं हो त्याने," हे मालकांचं पुढचं वाक्य. कुत्री पाळणाऱ्यांच्या तोंडी ही दोन वाक्यं जोडीनेच नांदतात. एक चावण्याआधीचं, एक नंतरचं.

जखम वाहत्या नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची, हे मला माहीत होतं. पंधरा मिनिटं किती लांब असतात हे त्या दिवशी कळलं. शेजारच्या काकू हळदीचा डबा घेऊन दारात उभ्या होत्या, त्यांना हात जोडून परत पाठवलं. दवाखान्यात डॉक्टरांनी कातडी फाटलेली पाहिली आणि जखमेच्या आत आणि आजूबाजूला रेबीजचं इम्युनोग्लोब्युलिन टोचलं. माझ्या लहानपणी बेंबीभोवतीच्या चौदा इंजेक्शनांची दहशत होती. आता लस दंडात देतात. मला पाच डोस सांगितले: पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७, १४ आणि २८. मग त्यांनी विचारलं, "कुत्र्याला लस दिलेली आहे का?"

मालकांकडे फोन लावला. त्यांनी बायकोला विचारलं, बायकोने मुलाला. टीव्हीखालच्या खणात, गॅसच्या पावत्यांखाली, लसीचं पुस्तक सापडलं. त्यावरचा शेवटचा शिक्का सव्वादोन वर्षांपूर्वीचा. ही लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर देतात आणि आमच्याकडे दर वर्षी देत राहतात. "घरातच तर असतो तो," मालक म्हणाले.

डॉक्टरांनी सांगितलं, कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा. रेबीजचा विषाणू लाळेत उतरला की कुत्रा फार दिवस काढत नाही. चावल्यानंतर दहा दिवस तो धडधाकट राहिला, तर चावला तेव्हा लाळेत विषाणू नव्हता असं समजतात. पण नजर ठेवणार कोण? साहेब सकाळी आठला बाहेर पडतात, रात्री नऊला येतात. मॅडमचंही तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मोबाइलवर अनोळखी नंबरवरून निरोप आला: "काका, जेवला. पाणी पण पिला." तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. त्या कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ फिरवणारा मुलगा मला कळवत होता. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, वॉचमनकडून नंबर घेतला होता. पाण्याचा उल्लेख तो मुद्दाम करायचा. पिसाळलेल्या कुत्र्याला गिळता येत नाही हे त्याला गावाकडे पाहून माहीत होतं.

अकराव्या दिवशी सव्वापाचला मी त्याचे आभार मानायला खाली गेलो आणि पुढचे तीन आठवडे जातच राहिलो.

मुलगा करमाळ्याकडचा. पोलीस भरतीची तयारी करतोय, सोळाशे मीटर धावण्याचा सराव हस्कीबरोबर होतो. सकाळी सात कुत्री, संध्याकाळी पाच. दोन वेळचे एका कुत्र्यामागे महिन्याला तीन हजार. सोसायटीतले लोक त्याला 'वॉकर' म्हणतात, वॉचमन 'कुत्रेवाला' म्हणतो, आणि तो स्वतः म्हणतो, "मी पोरं फिरवतो."

त्याच्या पाठीवरच्या सॅकमध्ये पाण्याची बाटली असते आणि घडी घातलेली रद्दी. ही रद्दी कशाला, ते पहिल्याच दिवशी कळलं. ब्रूनो नावाचा बीगल एका कुंपणापाशी हुंगत हुंगत स्वतःभोवती फिरायला लागला. एक गिरकी, दुसरी गिरकी. मुलाने चालता चालता सॅकमधून एक पान ओढलं. ब्रूनोची पाठ कमानीसारखी झाली, शेपूट वर गेलं, मागचे पाय जवळ आले, आणि त्याच क्षणी वर्तमानपत्राचं पान मागून अलगद त्याच्याखाली सरकलं. ब्रूनोला पत्ताही नाही. काम झालं, चार कोपरे उचलले, घडी, पिशवीत. रस्त्यावर डागसुद्धा नाही. लवकर सरकवलं तर कुत्रं बिचकतं आणि उठून पुढे जातं. उशीर झाला तर सरकवून उपयोग नाही. मी चारदा प्रयत्न केला. एकदा जमलं.

पिशवीचं पुढे काय, हा अवघड भाग. तो ब्रूनोच्या घरी नेऊन कागदातला ऐवज संडासात टाकतो आणि फ्लश ओढतो. सातांपैकी दोनच घरांनी याला परवानगी दिली आहे. बाकीच्यांचं म्हणणं, "बाहेरच टाक ना कुठेतरी." ते 'कुठेतरी' म्हणजे शेवटी ओला-सुका कचरा हाताने वेगळा करणाऱ्या ताईंचा हात असतो. घरातल्या टाइल्सना जे चालत नाही, ते त्यांच्या हाताला कसं चालतं, हे मला अजून उमगलेलं नाही.

कुत्र्यावरून त्याला घर वाचता येतं. दार उघडायच्या आधीच नखांचा आवाज तो ऐकतो. टाइल्सवर टक टक वाजत आलं, तर नखं वाढलेली आहेत. म्हणजे त्याच्या सुट्टीत बरेच दिवस कोणी खाली नेलेलं नाही. रस्त्यावर नीट चालणाऱ्या कुत्र्याची नखं बरीचशी आपोआप झिजतात. मग तो गळ्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं घालून बघतो. बोटं गेली नाहीत तर पिल्लू वाढलं आणि पट्टा तोच राहिला. मग कान उलटून, पायांच्या बोटांच्या फटी उघडून गोचिड्या बघतो. सापडली तर मालकिणीला दाखवतो. उत्तर ठरलेलं, "तू त्या रस्त्यावरच्या कुत्र्यांजवळ नेत असशील." गोचिडी-ताप किती वाईट हे तिला सांगणारा हा कोण! तरीही तो सांगतो.

पट्टा धरायची त्याची पद्धत मी आधी पाहिली नव्हती. फास अंगठ्यात, उरलेला पट्टा घड्या घालून मुठीत. मनगटाला वेढे कधी द्यायचे नाहीत. तीस किलोचं कुत्रं मांजरामागे सुटलं तर मनगट सोबत जातं. आमच्या इमारतीत मनगटाला तीन वेढे देऊन फोनवर बोलत फिरणारे मला रोज दिसतात, आणि आता दिसले की माझंच मनगट दुखतं.

माझ्या पोटरीबद्दल मी त्याला एकदा विचारलंच. तो म्हणाला, "त्याने त्या दिवशी जांभई दिली होती का, काका?" मी आठवलं. दिली होती, तिसऱ्या मजल्यावर. मला वाटलं, सकाळची वेळ, झोप झाली नसेल. तो म्हणाला, झोपेची नव्हे. कुत्रं घाबरलं की उगाच जांभई देतं, ओठ चाटतं, मान तशीच ठेवून नुसते डोळे वळवतं, मग डोळ्यांचा पांढरा भाग कोरीसारखा दिसतो. शेपूट हललं म्हणजे खूश, हेही खरं नाही. ताठ वर धरून टोक थरथरत असेल तर हात पुढे करायचा नाही. लॅबला लिफ्टची भीती आहे, त्या हिसक्याची. "साहेबांना तीनदा सांगितलं, जिन्याने न्या. चार तर मजले आहेत." म्हणजे कुत्र्याने लिफ्टमध्ये जे सांगायचं ते सगळं सांगितलं होतं. ऐकणारे दोघे होतो. एकाला ती भाषा येत नव्हती आणि दुसरा मोबाइलमध्ये होता.

आता आमच्या सोसायटीतल्या सगळ्यात बदनाम कुत्रीबद्दल. सी विंगमधल्या एका मुलीने ती हायवेवरून उचलून आणली, अंगावर भाजल्याच्या खुणा होत्या. अनोळखी पुरुष दिसला की ती दोन पायांवर उभी राहून भुंकते. सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त तक्रारी तिच्या नावावर. ही मुलगी वॉकर ठेवत नाही. पहाटे साडेचारला, रस्त्यावर कोणी नसताना, स्वतः खाली येते. कुत्रीच्या तोंडाला जाळीची टोपली असते, जिच्यातून तिला धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. कापडी पट्टीने तोंड आवळलेलं कुत्रं धापा टाकू शकत नाही, आणि धापा टाकता आल्या नाहीत तर अंगातली उष्णता बाहेर पडायला फारशी वाटच उरत नाही. ही टोपली अंगवळणी पाडायला तिने दीड महिना घातला, रोज आत चीजचा तुकडा ठेवून. समोरून कोणी आलं की ती रस्ता ओलांडते आणि पलीकडून "सॉरी हं" म्हणते. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांप्रमाणे सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, मुसक्याची सक्तीही करता येत नाही. तिला हे सगळं माहीत आहे. तरी ती लिफ्ट वापरत नाही. सातव्या मजल्यावर राहते.

आणि ज्यांच्याबद्दल ग्रुपवर एक ओळ आलेली नाही, ते लॅबवाले साहेब माणूस म्हणून लाख चांगले. कुत्र्याचा वाढदिवस करतात, केक वाटतात. त्याच्यावर त्यांचं प्रेम नाही असं मी म्हणणार नाही. पण ते प्रेम सोफ्यावर बसून करण्याचं आहे. जिना, शिक्का आणि रद्दीचं पान त्या प्रेमात बसत नाही.

त्याहून वाईट घरं कुत्री फिरवणाऱ्या मुलाने पाहिली आहेत. मुलाच्या वाढदिवसाला आणलेलं जेमतेम महिन्याचं पिल्लू, ज्याला आईचं दूध सुटायचं होतं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनी मनाई आहे, पण पिंजऱ्यामागच्या दुकानदाराला वय विचारतो कोण! बर्फात गाडी ओढायला घडवलेली हस्की पुण्याच्या एप्रिलमध्ये एसी लावलेल्या खोलीत. एसी बंद, माणसं महाबळेश्वरला. हचच्या जाहिरातीने घरोघरी पोचवलेले चपट्या नाकाचे पग, जे उन्हात शंभर पावलांत घरघरायला लागतात. हौस फिटली की यातलीच काही टेकडीच्या पायथ्याशी सापडतात, गळ्यात पट्टा तसाच. जनावर असं सोडून देणं हा १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या खेपेचा दंड दहा ते पन्नास रुपये. तो पट्टा त्याहून महाग असतो.

हे लिहिताना मला आमचा मोत्या आठवतो. साताऱ्याच्या घरी परड्यात तो जन्मभर साखळीला होता. भाकरी वेळेवर, पाणी वेळेवर, फिरणं कधीच नाही. त्याच्या साखळीने जमिनीत अर्धवर्तुळ कोरलं होतं आणि आम्ही मुलं त्या रेघेच्या बाहेर उभं राहून त्याला चिडवायचो. कुत्रा तापट आहे असं सगळं घर सांगायचं.

पोटरीच्या बाबतीत एका वकील मित्राने सांगितलं, भारतीय न्याय संहितेचं २९१ कलम आहे, निष्काळजीपणाने जनावर बाळगल्याचं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मी तक्रार केली नाही. साहेबांना एवढंच म्हटलं की लस द्या आणि रविवारी कुत्र्याला स्वतः खाली न्या.

लस त्यांनी त्याच आठवड्यात दिली. रविवारी आलेही, नव्या बुटांत, सव्वासातला. जिन्याने आले. रद्दी आणली नव्हती, मुलाने आपल्यातलं एक पान दिलं. लॅबने गिरक्या घेतल्या, साहेब वाकले, आणि पान सरकवायच्या आधी खिशातला मोबाइल वाजला. मग फुटपाथ पुसायला त्यांना दोन पानं आणखी लागली. मुलगा मदतीला पुढे झाला नाही, मीही नाही. पुढचा रविवार त्यांनी चुकवला, त्याच्या पुढचा नाही.

लसीच्या पुस्तकातला नवा शिक्का मी मागून पाहिला. पुढच्या डोसची तारीख २६ नोव्हेंबर. ती माझ्याही कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.