कैसरबागेचा उंबरठा

नोकरीच्या हुकमाने मनुष्य परमुलखात जाऊन पडला, की पहिल्या महिन्यात त्याला घर मिळते, दुसऱ्यात दूधवाला आणि धोबी मिळतो. परंतु संध्याकाळी दप्तर मिटल्यावर ज्यांच्यासमवेत चार घटका गावे, हसावे, जमल्यास दोन पावले नाचावे, अशी मंडळी मिळावयास कित्येकदा वर्षे लोटतात. माझी बदली लखनौस झाली तेव्हा, ज्या नगरीची ख्यातीच मुळी रंगेलपणाबद्दल, तेथे ही अडचण पडेल असे मला वाटले नव्हते. एका नामांकित क्लबात मी चौकशीला गेले, तर चिटणीसांनी अत्यंत अदबीने यजमानांचा हुद्दा विचारला. मला यजमान नाहीत. चहा मात्र उत्तम होता. त्या दिवसापासून, या शहराने हौशी माणसाला कोणत्या काळी कोणत्या अटीवर आत घेतले, याचा माग काढण्याचा जो नाद मला लागला तो अद्याप सुटलेला नाही.

1847 साली अवधच्या तख्तावर आलेल्या वाजिद अली शाहने पुढील दोन-तीन वर्षांत कैसरबागेचा अवाढव्य पसारा उभा केला, परीखान्यात नर्तकींना तालीम देवविली, आणि रासलीलेच्या धर्तीवर ‘रहस’ रचून ते सादर करविले. हे सारे खाशांपुरतेच. परंतु त्याच बागेत जोगिया मेळा भरे आणि तेव्हा नगरजनांनाही आत येण्याची मुभा असे. अट एकच, की अंगावर गेरूने रंगविलेले वस्त्र पाहिजे. जुन्या लखनौचा वृत्तांत लिहिणारे लेखक अब्दुल हलीम शरर यांनी हे नमूद करून ठेवले आहे. आणि ज्याच्यापाशी ना वशिला ना हुद्दा, अशा एखाद्या गरीब जरीकामवाल्याने आदल्या रात्री घंगाळात गेरू कालवून त्यात आपला एकुलता अंगरखा बुडविला असेल, हे चित्र तेव्हापासून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. याहून उदार दस्तुर मी तरी कोठे वाचलेला नाही.

1856 साली अवध खालसा झाले. बंडाची धामधूम शमल्यावर गोमतीकाठच्या छत्तर मंझिलीत गोऱ्या अंमलदारांचा युनायटेड सर्व्हिस क्लब थाटला गेला. आणि जोडीजोडीने नाचावयाचे ते पाश्चात्त्य नृत्य नबाबी छताखाली रंगू लागले, तेव्हा हिंदी माणूस तेथे बहुधा खिदमतगाराच्या पोशाखातच दिसत असे. स्वातंत्र्यानंतर त्याच वास्तूत औषधांवर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा आली. नृत्यशाळेची अशी रसायनशाळा झाल्याचे दुःख करावे की आनंद मानावा, हे मला ठरविता आलेले नाही.

मधल्या काळात जे घडले त्यात आपल्या एका माणसाचा हात होता. मुंबईतील वकील विष्णु नारायण भातखंडे हे मूळचे हौशी मंडळींतलेच. 1870 साली पारशी गृहस्थांनी स्थापिलेल्या गायन उत्तेजक मंडळीत ते तरुणपणी दाखल झाले होते, आणि पोटासाठी दुसरा धंदा करणाऱ्या माणसालाही गाण्याची शिस्तशीर विद्या मिळावी, घराण्याच्या गंड्याखेरीज मिळावी, ही त्यांची तळमळ तेथील अनुभवानेच पोसली असावी असे मला वाटते. बडोदा, दिल्ली, काशी अशा परिषदा भरवीत ते लखनौस आले. राय उमानाथ बली आणि नवाब अली या संगीतप्रेमींचे साह्य लाभले. आणि 1926 साली प्रांताचे गव्हर्नर मॅरिस यांच्या नावाने येथे संगीत महाविद्यालय निघाले. दोन वर्षांनी श्रीकृष्ण रातंजनकर त्याचे प्राचार्य झाले. पुढे व्हायोलिनला वि. गो. जोग आले, कथ्थकला मोहनराव कल्याणपूरकर. ज्या परीखान्यात एकेकाळी बादशहाच्या मर्जीखेरीज पाऊल पडत नसे, त्याच वास्तूत पुढे हे विद्यालय नांदू लागले, आणि फी भरून, रजिस्टरात नाव घालून कोणीही घुंगरू बांधू लागला. हे विद्यालय आज विद्यापीठ झाले आहे, आणि त्याला भातखंड्यांचे नाव आहे.

बाकीच्या वाटांना दार असे नव्हतेच. हजरतगंजात सायंकाळी निरुद्देश फेरी मारावयाची, तिला येथे ‘गंजिंग’ म्हणतात. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी ‘जमघट’ला गच्च्यांवरून पतंगांची लढत चालते. अलीकडे गोमतीनगराकडे साल्साचे नि झुंबाचे वर्ग निघाले आहेत, त्यांची निरोपानिरोपी मोबाईलवर चालते. मी एकदा गेले. गुडघ्यांनी परत आणले.

माझी मंडळी मला शेवटी भेटली ती मंगळागौरीत. येथला सावन आपल्याआधी पंधरा दिवस सुरू होतो आणि राखीपौर्णिमेला संपतो. त्यामुळे शेजारणींचे झोके उतरतात, कजरी थांबते, आणि नेमक्या त्याच सुमारास आमच्या उरलेल्या मंगळवारांना रंग चढतो. गेल्या श्रावणात एका नव्या सुनेच्या जागरणाला झिम्मा, पिंगा चालू असता समोरच्या घरातील साठीच्या चाची दारात येऊन कितीतरी वेळ उभ्या होत्या. ‘हम भी आ जाएँ?’ त्यांनी विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता चपला काढून पदर खोचला. फुगडीला हात कैचीने धरावयाचे असतात हे त्यांना ठाऊक नव्हते. ते मी दोनदा दाखविले. तिसऱ्या गिरकीला त्यांचा चष्मा उडून चौरंगाखाली गेला, आणि तो काढावयास फुगडी सोडून कोणीही थांबले नाही.