राबातून खाचरात

कर्जत-खालापूरकडे भाजलेल्या राबात भात पेरतात. रोपं वीतभर झाली की उपटायची, जुड्या बांधायच्या आणि खाचरात लावायची. चिखल मानवला तरच रोप मूळ धरतं. स्तनाचा कॅन्सर शरीरात कसा पसरतो हे वाचताना मला दरवेळी ही लावणी आठवते. लंडनचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी या आजाराने दगावलेल्या 735 स्त्रियांच्या शवविच्छेदनांच्या नोंदी तपासल्या आणि 1889मध्ये जवळपास हेच मांडलं: बी चहूकडे जातं, रुजतं मात्र मानवेल त्या मातीत.

जीव बहुधा स्तनातली गाठ घेत नाही. फुप्फुसात, यकृतात, हाडांत रुजलेल्या पेशी घेतात. बाईच्या शरीरात हा प्रवास पावलोपावली पाहता येत नाही, म्हणून उंदीर. आपल्याकडे परळला पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी उंदरांमधल्या स्तनाच्या कॅन्सरचा छडा लावताना आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू यांचं नातं तपासलं. त्यांची संस्था 2002मध्ये आमच्या रायगड जिल्ह्यातच, खारघरला आली. तीच आजची ‘ॲक्ट्रेक’.

जगभर वापरल्या जाणाऱ्या एका पद्धतीत मादी उंदराच्या स्तनात ‘4टी1’ नावाच्या पेशी टोचतात. काही आठवड्यांत त्या आपल्या आपण फुप्फुसात पोचतात. मग फुप्फुस बारीक करून त्यातल्या पेशी एका विषारी औषधात वाढवतात. उंदराच्या स्वतःच्या पेशी मरतात, कॅन्सरच्या तगतात. त्या रंगवल्या की बशीत निळे ठिपके दिसतात. एकेक ठिपका म्हणजे तिथवर पोचलेली एकेक पेशी. माणूस बसून ते मोजतो.

अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांच्या चमूने 1979मध्ये उंदराची मूळ गाठ कापून काढली, तर दूरची उरलेली गाठ जास्त वेगाने वाढू लागली. ही धोक्याची घंटा टाटा रुग्णालयात डॉ. राजेंद्र बडवे यांनी मनावर घेतली. आजार आधीच पसरलेल्या 350 स्त्रियांवरचा त्यांचा अभ्यास 2015मध्ये प्रसिद्ध झाला. स्तनातली गाठ काढल्याने छातीवरचा आजार आवरला, पण आयुष्य वाढलं नाही. दूरचा आजार उलट लवकर बळावला.

बडवे यांचा पुढचा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. आजार पसरण्याआधीच्या टप्प्यातल्या स्त्रियांना ऑपरेशनपूर्वी 7 ते 10 मिनिटं गाठीभोवती लिडोकेन टोचलं. दात काढताना देतात तेच, स्वस्त. देशातली 11 केंद्रं, सुमारे 1,600 स्त्रिया. पाच वर्षांनी लिडोकेन मिळालेल्यांपैकी 90.1 टक्के हयात होत्या, न मिळालेल्यांपैकी 86.4 टक्के. 2023मध्ये हे निष्कर्ष छापून आले.

पण हे इंजेक्शन गाठ जागच्या जागी आहे तोवरचं. आमच्याकडे ‘दुखत नाही, मग कशाला दाखवायचं?’ म्हणत लावणी उरकते, कापणी उरकते, आणि मग पहाटेच्या कर्जत लोकलमध्ये मांडीवर फायलीची पिशवी धरून बाई टाटाला निघते.

मुंबईच्या वस्त्यांमध्ये 1998पासून दीड लाखांवर स्त्रियांचा अभ्यास झाला. त्यातल्या निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या बोटांनी स्तन तपासले. पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या आजाराचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. मशीन नव्हतं, वीज लागली नाही. कर्जतच्या ठाकूरवाडीतल्या पडवीतही तेवढं जमेल.