मालिश करा, पण कुठे थांबायचं तेही ओळखा



द्वारकाला महिन्याच्या मीटिंगला जमलो की हिशोबाआधी एक विषय निघतोच: खांदे भरून आलेत. द्राक्षाच्या विरळणीत दिवसभर हात डोक्याच्या वर असतात. स्नायूंना सैल व्हायला वेळच मिळत नाही, म्हणून ते आखडतात आणि दुखतात.

मालिशने आखडलेला भाग सैल होतो, ऊब येते, दुखणं काही वेळ कमी वाटतं. खोबरेल किंवा तिळाचं कोमट तेल घ्या. खांद्याच्या मांसल भागावर तळहाताने दहा मिनिटं चोळा, सोसेल एवढाच दाब द्या. मणक्यावर जोर नको, पाठीवर पाय तर नकोच.

पण मालिशने दुखण्याचं कारण जात नाही. काम करताना अधूनमधून हात खाली सोडा, खांदे गोल फिरवा.

मालिश कधी करायची नाही?
- ताप, जखम किंवा मार लागून सूज असेल तर.
- एकाच पायाची पोटरी सुजून गरम लागत असेल तर. आत रक्ताची गुठळी असली तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा.
- हाताला सतत मुंग्या येत असतील, पकड सुटत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

आणि छातीत दाब, धाप, घाम, सोबत हात किंवा जबडा दुखत असेल, तर "थकवा असेल" म्हणत तेलाची बाटली शोधू नका. लगेच 108 ला फोन करा.

रोज बुडेल म्हणून दुखणं अंगावर काढू नका, ताई.