सीटी झालाय, मग पुन्हा कशाला?

उल्हासनगर कॅम्प ४ मध्ये कुणाला तोंडाचा किंवा घशाचा कॅन्सर निघाला, की पहिला सीटी स्कॅन बहुधा उल्हासनगर-कल्याणातच होतो. मग फाईल आणि सीडी घेऊन विठ्ठलवाडीहून लोकल पकडायची आणि परळचं टाटा हॉस्पिटल किंवा खारघरचं टाटाचंच अ‍ॅक्ट्रेक केंद्र गाठायचं. तिथे डॉक्टरांनी रेडिएशन, म्हणजे बोलीत ‘शेक’ किंवा ‘लाईट’, द्यायचं ठरवलं, की आणखी एक सीटी लिहून येतो. घरच्यांना वाटतं, पैसे आणि दिवस दोन्ही वाया चालले. शंका रास्त आहे, कारण या दुसऱ्या सीटीचं काम त्यांना क्वचितच कुणी नीट समजावून सांगतं. पहिला सीटी आजार शोधतो, दुसरा उपचाराचं मोजमाप घेतो. खरं तर रेडिएशनचा उपचार त्या दिवशीच सुरू झालेला असतो.

निदानाच्या वेळी रुग्ण खोलगट टेबलावर जमेल तसा निजतो. डॉक्टरांना गाठ दिसली, तिचा आकार कळला, की काम झालं. रेडिएशन मात्र सपाट टेबलावर मिळतं. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये रोज साधारण २ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजण्याचं एकक), आठवड्यातून पाच दिवस, असं सहा-सात आठवड्यांत ६६ ते ७० ग्रेपर्यंत नेलं जातं. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला मात्र ४५ ते ५० ग्रेच्या पलीकडे जाऊ द्यायचं नसतं, आणि तो गाठीपासून कधी कधी बोटभरही लांब नसतो. हनुवटी जराशी वर झाली तरी हे अंतर बदलतं. म्हणून नियोजनाचा सीटी तशाच सपाट टेबलावर, उपचाराच्याच स्थितीत काढतात. प्लास्टिकची जाळीदार शीट गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बसवतात. काही मिनिटांत ती थंड होऊन कडक होते आणि त्या रुग्णापुरता मास्क तयार होतो. भिंतींवरच्या लेसर रेषा जिथे पडतात तिथे मास्कवर खुणा करतात. पोटाच्या किंवा छातीच्या कॅन्सरमध्ये त्या थेट त्वचेवर असतात. पुढचे सगळे दिवस मशीनखाली शरीर याच खुणांवर जुळवलं जातं. ‘खुणा पुसू नका’ ही सूचना त्यासाठी असते. चित्रंही पातळ कापांची लागतात, बहुधा तीन मिलिमीटर किंवा त्याहून कमी जाडीची, कारण डॉक्टर एकेका कापावर गाठ, तिच्याभोवतीचा संशयित भाग आणि वाचवायचे अवयव हाताने रेखतात.

याहून महत्त्वाची गोष्ट चित्रात डोळ्यांना दिसत नाही, ती चित्रामागच्या आकड्यांत असते. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा सीटी झाला. तो स्कॅनर घडवणाऱ्या गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या नावाची मोजपट्टी आजही वापरात आहे: पाणी शून्य, हवा उणे हजार, घट्ट हाड अधिक हजारच्या आसपास. म्हणजे सीटीच्या चित्रातला प्रत्येक ठिपका हा एक आकडा असतो. रेडिएशनचे किरण ऊतीत किती अडतील हे मुख्यतः तिथल्या इलेक्ट्रॉनांच्या घनतेवर ठरतं, आणि सीटीच्या आकड्यांवरून ती घनता काढता येते. त्यासाठी हॉस्पिटलमधले भौतिकतज्ज्ञ आपल्या स्कॅनरवर ठरावीक घनतेचे तुकडे बसवलेला नमुना तपासून तक्ता बनवतात. मशीन किंवा व्होल्टेज बदललं की आकडे थोडे सरकतात. बाहेरच्या सीटीची फिल्म कितीही स्पष्ट असली, तरी तिच्या आकड्यांवर डोसचं गणित डोळे झाकून मांडता येत नाही. दातातली धातूची भरणी चित्रात पट्टे उमटवते आणि हे आकडे बिघडवते. तंत्रज्ञ दातांबद्दल विचारतात ते यामुळे.

यावर कुणी म्हणेल, एमआरआयमध्ये किंवा पेट स्कॅनमध्ये गाठ अधिक चांगली दिसते. बऱ्याच जागी दिसतेच, आणि ती चित्रं नियोजनाच्या सीटीवर जुळवून वापरलीही जातात. पण एमआरआयमधून घनतेचा आकडा थेट मिळत नाही, त्यामुळे गणिताचा पाया बहुतेक ठिकाणी सीटीच राहतो. जादा किरणांची भीतीही स्वाभाविक आहे. मात्र सीटीचा डोस मिलिग्रेमध्ये मोजतात, साधारण काही दहा मिलिग्रे. उपचाराचा डोस त्याच्या हजारपटीहून मोठा असतो. तो चुकीच्या जागी पडू नये म्हणून घेतलेला हा धोका मला पूर्ण समर्थनीय वाटतो. खर्चाचा आणि बुडणाऱ्या रोजीचा आक्षेप मात्र सहज बाजूला सारता येणार नाही. हाडातल्या वेदना शमवण्यासाठी द्यायच्या थोडक्या रेडिएशनचं नियोजन जुन्या सीटीवर करण्याचे प्रयोग परदेशात झाले आहेत. साध्या उपचारांत ती वाट आपल्याकडेही तपासावी. तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये, जिथे मिलिमीटर मोजावे लागतात, तिथे ती चालणार नाही.

म्हणून हा सीटी टाळू नका, आणि त्याला तयारीनिशी जा. जुनी सीडी सोबत न्या. मधुमेह, मूत्रपिंडाचा त्रास, पेसमेकर, औषधांची अ‍ॅलर्जी आधीच सांगा. ओटीपोटाच्या उपचारात मूत्राशय भरून यायला सांगितलं असेल तर रोज तितकंच भरून जा. मास्क बनल्यावर वजन उतरलं आणि तो सैल वाटू लागला, तर गप्प बसू नका, त्याच दिवशी तंत्रज्ञांना सांगा. अशा वेळी नवा मास्क आणि पुन्हा सीटी लागू शकतो, आणि तोही करून घ्यावा.